जुळलेले काटे

सोमवारी गवंडी येणार आहे, हे नवऱ्याने मला पिशव्यांत माती भरता भरता सांगितलं. गळका नळ दुरुस्त करायला कोणी येणार असावं, तशा सुरात. अंगणाच्या मधोमध भिंत घालायची, फाटकापासून सुरू करून पंपघराला नेऊन टेकवायची, विटा उद्या पडतील. मी विचारलं, दादांना माहीत आहे का? तर म्हणाला, त्याच्याशी बोलूनच ठरलंय. दोघा भावांचं एकमत झालेली ही कित्येक महिन्यांतली पहिलीच गोष्ट, आणि ती ही.

दादा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांचं घर आणि आमचं घर समोरासमोर, मधे अंगण. मागे आमची रोपवाटिका. वरच्या अंगाला दादांची जमिनीत लावलेली मोठी झाडं, त्यांना फवाऱ्यांनी पाणी. खालच्या अंगाला माझ्या नवऱ्याच्या कुंड्या, फळझाडांची कलमं, प्रत्येक कुंडीला थेंब थेंब पाणी सोडणारा एक ड्रिपर. तळं एक, पंप एक, आणि पाणी गाळायचा वाळूचा फिल्टरही एकच. पंपघर वरच्या अंगाला, म्हणून किल्ली दादांकडे.

मला ती भिंत नको होती. कारण साधं आहे. या घरात मी नवऱ्यासाठी आले, पण टिकले ती ताईंमुळे. ताई म्हणजे माझी थोरली जाऊ. सकाळी त्यांच्या खिडकीत दिवा लागला की मी माझ्याकडे चहाचं पाणी ठेवते, आणि ते उकळेपर्यंत त्या अंगण ओलांडून आलेल्या असतात. इतक्या वर्षांत आम्ही एकमेकींच्या दाराची कडी कधी वाजवली नाही. आता मधे भिंत आली असती, तर चहा प्यायला त्यांना रस्त्यावरून वळसा घालून यावं लागलं असतं. चहा गार होतो, हे गवंड्याला कोण सांगणार?

भांडणाचं मूळ पाण्यात होतं. खालच्या कुंड्या सुकत होत्या. सगळ्या एकदम नाही. आधी नळीच्या शेवटच्या टोकाच्या, मग त्याअलीकडच्या. वरची झाडं मात्र मजेत. नवऱ्याच्या डोक्यात यातून एकच अर्थ निघाला, की दादा आपल्याकडचा व्हॉल्व्ह बारीक करतोय. हे तो दादांना तोंडावर म्हणाला असता, तर बरं झालं असतं. पूर्वी म्हणायचा. पूर्वी हे दोघे भाऊ रोज भांडायचे. खुरपं कुणी हरवलं यावरून इतके ओरडायचे की तळ्यावरची बदकं उडायची, आणि दुपारी एकाच बाकावर बसून जेवायचे. मग कधीतरी भांडण थांबलं. दोघे एकमेकांशी पाहुण्यांसारखे बोलू लागले. मी खुळी, मला वाटलं, वयाने शहाणे झाले. घरात शांतता आली म्हणून मी ताईंपाशी समाधानही व्यक्त केलं होतं.

दादांकडे जाऊन एकदा मीच विचारलं होतं, फिल्टर तर तुंबला नाही ना? त्यांनी मला हाताला धरावं तसं पंपघरात नेलं आणि काटे दाखवले.

त्या काट्यांबद्दल सांगायला हवं. फिल्टर म्हणजे पंपघरातल्या दोन गोल लोखंडी टाक्या, पोटभर जेवलेल्या माणसासारख्या. आत वाळू. नदीची नव्हे, दगड फोडून केलेली, कोनेदार. मी नवी नवी आले, तेव्हा दादांनी ती माझ्या तळहातावर ठेवून चोळायला लावली होती. टोचली. म्हणाले होते, "गोल वाळू घाणीला हसून वाट देते. ही धरून ठेवते." तळ्याचं पाणी वरून टाकीत येतं, वाळूतून खाली उतरतं, शेवाळ आणि गाळ वरच्या थरात अडकतो, आणि स्वच्छ पाणी खालच्या जाळीदार नळ्यांतून बाहेर पडतं. टाकीत शिरण्याआधीच्या पाण्याचा दाब एक काटा दाखवतो, बाहेर पडलेल्याचा दुसरा. वाळू स्वच्छ असली की दोन्ही काटे जवळजवळ सारखे. घाण साठत गेली की पाण्याला आत शिरायला जोर लावावा लागतो आणि काट्यांत अंतर पडत जातं. ठरलेलं अंतर पडलं की एका टाकीचं गाळलेलं पाणी दुसरीत खालून वर उलटं सोडायचं. वाळू उचलली जाते, कण कणावर घासतो आणि घाण वरच्या तोंडाने बाहेर वाहून जाते. याला बॅकवॉश म्हणतात, आम्ही नुसतं धुणं म्हणतो. पाणी बरंच जातं त्यात.

तर दादांनी मला काटे दाखवले. दोन्ही अगदी जुळलेले, शाळेच्या रांगेतल्या मुलांसारखे. दादा म्हणाले, हातच्या कांकणाला आरसा कशाला? मीही बघितलं, मला पटलं, आणि नवऱ्याला जाऊन सांगितलं की फिल्टर ठणठणीत आहे. त्याने त्यातून काय काढावं? फिल्टर ठणठणीत आहे, मग माझं पाणी जातं कुठे? त्याच्या मते कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते दादांच्याच अंगाला.

शनिवारी विटा पडल्या. नवऱ्याने फाटकापासून पंपघरापर्यंत चुन्याची रेघ मारली. दादा ओट्यावर उभं राहून बघत होते आणि रेघ वाकडी जातेय एवढंच म्हणाले. माझ्या नवऱ्याने ती पुसून सरळ केली. दोघांचं हे सौजन्य बघून माझं डोकं फिरलं.

रविवारी नवरा सिमेंट बघायला गेला आणि दादा तळ्याच्या वरच्या तोंडाशी, यंदा कालव्याचं पाणी किती येतंय ते बघायला. मी खाली जाऊन एक नळी शेवटच्या टोकाशी कापली. आतून तपकिरी, बुळबुळीत काहीतरी निघालं, बोटाला चिकटलं. गाळलेल्या पाण्यात हे कुठून आलं? मग मी अवजारांच्या खोलीत गेले आणि खिळ्याला टांगलेली जाळी बघितली. खालच्या प्लॉटच्या सुरुवातीला, वाळूच्या फिल्टरमधून काही निसटलंच तर अडवायला, एक बारीक जाळीची नळकांडी बसवलेली असते. ती जागेवर असायला हवी होती. ती इथे खिळ्यावर वाळत होती, शेवाळाने माखलेली, कडक झालेली. म्हणजे माझ्याच नवऱ्याने ती काढून ठेवली होती. सारखी तुंबते, कोण दर तासाला धूत बसणार, म्हणून. पोलीस सारख्या शिट्ट्या मारतो म्हणून त्यालाच घरी पाठवावं, तसं.

मी अंगण ओलांडून ताईंकडे गेले. म्हटलं, पंपघराची किल्ली द्या आणि मोठा पाना घेऊन माझ्याबरोबर चला. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. ताईंचा हाच गुण मला आवडतो. चप्पल घातली आणि आल्या.

टाकीचं झाकण उघडणं बायकांचं काम नाही असं आमच्याकडचे दोघेही मानतात, पण तसं म्हणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. आम्ही पंप बंद केला, हवेची चावी सोडून दाब उतरवला, खालचा निचरा उघडून पाणी थोडं कमी केलं. नट गंजले होते. पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून दोघी लोंबकळलो. पहिला नट सुटला, तेव्हा ताई माझ्या अंगावर पडल्या आणि आम्ही दोघी पंपघराच्या जमिनीवर बसून हसलो. उद्या भिंत उभी राहणार होती आणि आम्ही हसत होतो. मग झाकण बाजूला सरकलं आणि आम्ही आत बघितलं.

वाळू सपाट असायला हवी, परातीतल्या पिठासारखी. इथे तिच्यावर हिरवट काळी कातडी धरली होती. ती आकसून टाकीच्या कडांपासून सुटली होती, आणि मधे खड्डे होते, कुणी काठीने भोसकावं तसे. मी एका खड्ड्यात हात घातला. कोपरापर्यंत सहज गेला. बाजूची वाळू मात्र विटेसारखी घट्ट. पाणी वाळूतून जातच नव्हतं. वाळू इतकी तुंबली होती की पाण्याने शेवटी जोर लावून तिच्यात भोकं पाडली होती, आणि आता सगळं त्या भोकांतून, शेवाळ, गाळ, बदकांचं जे काय असेल ते घेऊन, सरळ खाली धावत होतं. त्याला अडथळाच उरला नव्हता. म्हणून काटे जुळले होते. वरच्या फवाऱ्यांची छिद्रं मोठी, त्यांना त्या घाणीचं काही वाटलं नाही. खालच्या ड्रिपरची छिद्रं सुईच्या टोकाएवढी. ती बुजत गेली.

दुसरी टाकीही तशीच असणार, हे सांगायला ती उघडायची गरज नव्हती.

मी ताईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या टाकीच्या कडेला हात टेकून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, झाकण लाव. मी म्हटलं, लावायचं कशाला, हेच तर दाखवायचंय. त्या म्हणाल्या, नको. आणि मग हळूहळू सगळं बाहेर आलं. यंदा कालव्याला पाणी कमी सुटलं. तळं भरेना. काट्यांत अंतर पडलं, तरी दादांनी धुणं पुढे ढकललं. आणखी पडलं, आणखी ढकललं. ताईंनी विचारलं, तेव्हा म्हणाले, एकदा धुवायचं म्हणजे खालच्या कुंड्यांचं एका पाळीचं पाणी गटारात सोडायचं. माझी झाडं मोठी आहेत, तग धरतील, त्याची कलमं नाही धरणार. ताईंना कुणाला सांगू नको म्हणून बजावलं, कारण धाकट्याला उपकार आवडत नाहीत. मग एके सकाळी काटे आपोआप जुळलेले दिसले. दादा इतके खूश झाले की घरी येऊन सांगितलं, वाळूने घाण पचवली.

"झाकली मूठ राहू दे," ताई म्हणाल्या. "सगळं आयुष्य त्यांनी या टाक्या सांभाळण्यात घातलंय. भावासमोर त्यांचं नाक कापलं जाईल."

मला राग आला. नेमका कुणाचा, हे सांगता येणार नाही. एक भाऊ दुसऱ्यासाठी पाणी वाचवतो आणि त्यातच त्याची रोपं मारतो. दुसरा त्याला चोर समजतो आणि सावध करणारी जाळी खिळ्याला टांगतो. आणि दोघेही तोंडातून एक शब्द काढत नाहीत. मी म्हटलं, "ताई, मूठ झाकून ठेवायची तर मधे भिंत येते. तुम्हाला कुठलं परवडेल ते सांगा." मी त्यांना वचन दिलं की माझ्या तोंडून काही निघणार नाही. पण झाकण मी लावलं नाही.

आधी दादा आले. पंपघराचं दार उघडं बघून धावतच आले. टाकीला कुणी हात लावला, एवढं म्हणेपर्यंत त्यांची नजर आत गेली. मग त्यांनी बाही वर करून मी घातला होता त्याच खड्ड्यात हात घातला. बाहेर काढला. वळून काट्यांकडे बघितलं. पंप बंद होता, दोन्ही काटे शून्यावर होते, तरी बघितलं.

"पण जुळलेले होते," ते म्हणाले. आम्हाला नव्हे, काट्यांनाच.

तेवढ्यात नवरा आला. त्याला काय घडलंय ते कळायला वेळ लागला नाही. लहानपणापासून त्यानेही ती वाळू पाहिलेली आहे. चेहऱ्यावर सरळ सरळ विजय उमटला. हिला किती महिने सांगतोय, तो म्हणाला, माझी रोपं उगाच मेली नाहीत, तुला साधा फिल्टर धुता येत नाही आणि वर किल्ली स्वतःकडे दाबून ठेवतोस. दादा मान खाली घालून ऐकत होते. ते उलटून बोलले असते, तरी मला चाललं असतं. मी ओठ दाबून धरले होते. वचन दिलेलं होतं.

बोलल्या त्या ताई. इतकी वर्षं मी त्यांना ओळखते, पण दिरासमोर त्यांचा आवाज चढलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"तुमच्यासाठीच नाही धुतला त्यांनी. धुवायला जातं ते पाणी तुमच्या कुंड्यांचं, म्हणून. मला शपथ घातली होती. घ्या, मोडली."

नवरा दादांकडे बघू लागला. दादा टाकीकडे. मी अवजारांच्या खोलीत जाऊन ती जाळी आणली आणि नवऱ्याच्या हातात दिली. वचन दादांच्या बाबतीत होतं, जाळीबद्दल मी कुणाला काही कबूल केलं नव्हतं. त्याने ती घेतली. फिरवून बघितली. नखाने वाळलेलं शेवाळ खरवडलं. आपण काय काढून ठेवलं होतं, हे त्याला कळलं, असं मला दिसलं. मी त्याला टोमणा मारणार होते, तयारही ठेवला होता, पण त्याचा चेहरा बघून गिळला.

"हे तू मला सांगायचं होतंस," दादा अगदी हळू म्हणाले. "जाळी तुंबते म्हणून."

"आणि तू मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं, तर तू म्हणाला असतास, मला तुझ्या भिकेचं पाणी नको."

"म्हणालो असतो," नवरा म्हणाला. मग त्याने सदरा काढून दाराला अडकवला आणि टाकीवर चढला.

बाकीची दुपार वाळूत गेली. दोन्ही टाक्या उघडल्या. नवरा आत वाकून खुरप्याने कातडी सोलत होता, दादा बादली वर घेत होते, ताई आणि मी ती बाहेर ओतत होतो. वास असा, की बदकंसुद्धा लांब गेली. घट्ट झालेली वाळू दादांनी हातांनी फोडली, चिमटीत चोळून बघितली. कोने अजून शाबूत होते. नवी वाळू लागणार नाही, एवढंच बोलले. संध्याकाळी झाकणं लावली, खाली जाणारा व्हॉल्व्ह बंद केला आणि पंप सुरू करून पहिली टाकी धुवायला घेतली.

बाहेर काढलेल्या नळाच्या तोंडातून आधी हवा फुसफुसली आणि मग काळं पाणी आलं. पंपघराच्या पायरीवरून उडी मारून ते अंगणात उतरलं. दादांचा हात व्हॉल्व्हवर होता. पाणी जेमतेम काळ्याचं तपकिरी झालं असेल, तोच त्यांचा हात फिरू लागला, बंद करण्याकडे. सवय होती ती. कित्येक महिन्यांची.

नवऱ्याने त्यांच्या हातावर हात ठेवला. "अजून गढूळ आहे, दादा."

"तुझं पाणी जातंय रे."

"जाऊ दे."

दादांनी हात तसाच ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही, दोन्ही हात घाणीचे होते म्हणून. दोघे तसेच उभे राहिले, एका व्हॉल्व्हवर दोन हात. नळातून पाणी हिरवं झालं, मग चहासारखं, मग बऱ्याच वेळाने स्वच्छ. अंगणभर पसरलेल्या पाण्यात चुन्याची रेघ विरघळून फाटकाकडे वाहत गेली.

सोमवारी गवंडी वेळेवर आला आणि ओल्या अंगणात उभा राहून त्याने विचारलं, रेघ कुठे आहे? मी म्हटलं, धुवून गेली. मग नवी मारा, तो म्हणाला. भिंतीशी त्याला मतलब, आमच्या घराशी नाही. शेवटी दादांनी त्याला पंपघरामागे नेलं आणि धुण्याचं पाणी साठवायला एक हौद बांधायला सांगितला. गाळ तळाशी बसला की वरचं पाणी परत तळ्यात सोडता येईल. हौद कुठल्या कोपऱ्यात हवा, यावर दोघा भावांची जुंपली. तासभर. गवंडी विटांवर बसून राहिला.

खालची बरीच रोपं वाचली नाहीत. जी राहिली, त्यांचे ड्रिपर नवऱ्याने एकेक काढून, भिजत घालून, सुईने मोकळे केले. जाळी जागेवर गेली. किल्ल्या दोन झाल्या. काट्यांत जरा अंतर पडलं की दादा खूश असतात, आणि ते पुरेसं पडलं की धुतात. पाणी जाताना अजून तोंड फिरवून उभे राहतात.

आणि दोघे पुन्हा पहिल्यासारखे भांडतात. खुरप्यावरून, हौदावरून, आदल्या दिवशी कुणी काय म्हटलं त्यावरून. ताई आणि मी चहा पीत ऐकतो. आवाज चढला की मला बरं वाटतं. दोन दिवस एकमेकांशी गोड बोलू लागले, की मी पाना शोधायला उठते.